दमट हवेतले संग्रहालय: वातानुकूलनाविना चालेल का?

धागाकर्ता:
उष्ण आणि दमट प्रदेशात संग्रहालय बांधायचे म्हटले की वातानुकूलन यंत्रणा गृहीतच धरली जाते, आणि मला ते चुकीचे वाटते. रुंद छज्जे, खोल व्हरांडे, हवेशीर दुहेरी छप्पर आणि जाड भिंती यांच्या आधारे इमारतीनेच ऊन अडवावे व तापमानातील चढउतार मंद करावेत. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेल्या 2014 च्या हरित संकेतांनीही बहुतेक वस्तूंसाठी 40 ते 60 टक्के सापेक्ष आर्द्रता आणि 16 ते 25 अंश सेल्सिअस तापमान एवढी मोकळीक दिलेली आहे.

प्रतिसाद, एक संवर्धक:
मोकळीक वाचलीत, पण तिची वरची मर्यादा 60 टक्के आहे याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. 30 अंश तापमानाची, 75 टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम बाष्प असते. ही हवा तुमच्या जाड, 25 अंशांपर्यंत थंड राहिलेल्या भिंतीला लागली की जवळजवळ संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही, भिंतीला घाम सुटतो आणि तिला टेकवलेल्या चित्राच्या पाठीवर बुरशी धरते. कोरड्या उन्हाळ्यात उपकारक ठरणारी जाड भिंत इथे घात करते. खिडक्या उघडून हा प्रश्न वाढतोच, कारण बाष्प बाहेरूनच येत असते.

धागाकर्ता:
खिडक्यांबाबतचा आक्षेप मान्य. बाहेरची हवा अधिक ओली असताना दारे-खिडक्या घट्ट बंदच हव्यात. मात्र हेच गणित वातानुकूलनालाही लागू पडते. दिवसभर 22 अंशांवर ठेवलेल्या दालनातील यंत्र संध्याकाळी बंद केले, की फटींतून शिरणारी दमट हवा थंड पृष्ठभागांवर ओल सोडते. केवळ तापमानावर चालणारे यंत्र खोली थंड झाल्याबरोबर थांबते आणि बाष्प तसेच राहते. वस्तूंना त्रास आर्द्रतेचा असताना आपण पैसे गारव्यासाठी मोजतो, तेही बहुधा प्रेक्षकांच्या सोयीसाठी.

प्रतिसाद, एक अभियंता:
वादाचा खरा मुद्दा इथे आहे. अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्थेने उष्ण-दमट हवामानासाठी तपासलेल्या पद्धतींत गारव्याऐवजी आर्द्रतेलाच प्रमाण मानले होते: बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच पंखे चालवायचे, अन्यथा खोली किंचित तापवायची किंवा बाष्प काढून घ्यायचे. वरच्या उदाहरणातील हवा 33 अंशांपर्यंत नेली तर आर्द्रता सुमारे 63 टक्क्यांवर उतरते, म्हणजे बुरशीला पोषक पातळीच्या खाली. यंत्र लागतेच, पण लहान.

प्रतिसाद, तोच संवर्धक:
बुरशी टळली, वस्तूचे आयुष्य मात्र घटले. आम्लयुक्त कागद आणि अ‍ॅसिटेट फिल्म (जुन्या छायाचित्रांची व चित्रपटांची प्लास्टिक पट्टी) यांचा रासायनिक ऱ्हास उष्णतेने वेगाने वाढतो. तापवलेल्या खोलीत फिल्मचे डबे ठेवणारा संवर्धक मला तरी पाहायचा नाही. दगडी मूर्ती आणि मृद्भांडी ठेवा हवी तर, त्यांना फारशी अडचण नाही.

धागाकर्ता:
मग तशीच विभागणी करू. फिल्म आणि छायाचित्रांसाठी एक छोटी, उत्तम उष्णतारोधक शीतखोली. नाजूक वस्तू घट्ट बसणाऱ्या काचपेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह, आणि ते जेल वेळोवेळी सुकवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. उरलेल्या भव्य दालनांना चोवीस तास गार का ठेवायचे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

प्रतिसाद, तोच संवर्धक:
जेल सुकवणारा तो माणूस रजेवर गेला की काय होते ते मी पाहिलेले आहे, म्हणून माझा विरोध कायम आहे.