विषय: मालवण सहल – धाकट्यासाठी रॅप कुठले न्यावेत? (ग्लूटेन नाही, दूध नाही)

मंडळी, नमस्कार.

मालवणच्या यादीत आमचीही नावं आहेत. धाकट्याच्या सीलिअ‍ॅकबद्दल गणपतीत बऱ्याच जणांशी बोलणं झालंच होतं; गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की त्याच्या आतड्याला इजा होते. त्यात त्याला दुधाची अ‍ॅलर्जी. दूध, ताक, तूप, काही नाही. लॅक्टोज-फ्री दूधही नाही, कारण त्याला त्रास दुधातल्या प्रथिनांचा होतो, साखरेचा नाही. (हे परत लिहितेय कारण दर वेळी कोणीतरी प्रेमाने तेच सुचवतं.)

विमानतळापासून कुडाळ स्टेशनपर्यंत त्याला काय खायला द्यायचं? दुकानातले रॅप न्यायचं ठरवलंय. सध्या घरात सिएटे ब्रँडचे बदामाच्या पिठाचे, एक ब्राऊन राइसचे आणि साधे मक्याचे टॉर्टिया (मेक्सिकन पातळ पोळ्या) आहेत. बदामाचे छान दुमडतात, पण फ्रीजबाहेर किती टिकतील? ब्राऊन राइसचे गार झाले की कडेने तडकतात. मक्याचे त्याला आवडतात, पण भाजी घालून गुंडाळले की फाटतात. लांबच्या प्रवासात कोणी नेले असतील तर सांगा. या आठवड्यात खरेदी करायची आहे.

– धाकट्याची आई

* * *

वहिनी,

आमच्या मुलीला शाळेपासून सीलिअ‍ॅक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तांदळाचे रॅप तडकतात त्याला ब्रँड कारण नाही. शिजलेला तांदळाचा स्टार्च गार झाला की घट्ट होतो, आणि फ्रीजमध्ये तर फारच लवकर. ओलसर कपड्यात गुंडाळून गरम केला की परत मऊ होतो, पण गरम असेपर्यंतच. गाडीत ते कुठे करणार? बदामाच्या रॅपमध्ये टॅपिओका स्टार्च आणि झँथन गम असतो, म्हणून तो गारही दुमडतो. पण तो फ्रीजचाच माल. विमानात बर्फाच्या पिशवीबरोबर चालेल, मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवसावर मी विसंबणार नाही. अंड्याच्या पांढऱ्याचे रॅप मिळतात त्यांचंही तेच. नुसत्या नारळाचे मिळतात ते पाकीट न फोडता बाहेर टिकतात, पण गोडसर लागतात आणि हवा लागली की चिरतात.

माझं मत मक्याला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यामुळे ग्लूटेन नसतानाही पीठ धरून राहतं. थेट तव्यावर दोन्ही बाजूंनी चटके द्या, एकावर एक दोन लावा आणि रोल न करता नुसते दुमडा. मात्र पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या. मका आणि गहू मिसळलेले टॉर्टियाही त्याच फळीवर असतात.

दुधाचं जास्त जपा. ग्लूटेन-फ्री शब्दाला अमेरिकेच्या एफडीएची (अन्न-औषध खात्याची) २० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत २० भागांची, मर्यादा आहे. डेअरी-फ्री शब्दाची तशी कायदेशीर व्याख्याच नाही. समोरचं मोठं अक्षर सोडा, मागची ‘कंटेन्स: मिल्क’ ही ओळ बघा आणि घटकांची यादी पूर्ण वाचा.

– माजी खजिनदार

* * *

अगं, मालवणला जाताना पाकिटातले रॅप कशाला? घावन आहेत ना! तांदळाचं पीठ, पाणी, मीठ. ना गहू ना दूध. बिडाच्या तव्याला अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं. जाळी पडली की झालं. त्याला ओल्या नारळाची चटणी. आमच्या वेंगुर्ल्याला आजारी माणसालाही हेच देतात. भाकरीही आहे, तांदळाची उकड काढून केलेली, पातळ आणि लुसलुशीत. सकाळी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस. पोर खूश होईल. तिथे पोचल्यावर एकही पाकीट उघडू नकोस.

– वेंगुर्ल्याच्या काकू

* * *

काकू, घावनाबद्दल वाद नाही, पण प्रश्न पिठाचा आहे. तांदूळ गिरणीतून दळून आणणार ना? त्याच जात्यावर आधी कोणाचे गहू दळलेले असतात. सीलिअ‍ॅकच्या पोराला तेवढं पुरतं. घरी पाव्हणे असतात तेव्हा आपणच गिरणीवाल्याला सांगतो, "गव्हावर माझे तांदूळ टाकू नको", ते चवीसाठी. इथे तर तब्येतीचा प्रश्न आहे.

– माजी खजिनदार

* * *

आमच्या गावच्या गिरणीत तांदळाची चक्की वेगळी आहे, गव्हाची वेगळी. वर्षानुवर्षं तशीच. कोकणात तांदूळ जास्त, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. काळजी करू नकात गो बाय. मी चुलतभावाला फोन करून दळण आणून ठेवायला सांगतो.

– कणकवलीचे मामा

* * *

मामा, चक्की वेगळी असली तरी छप्पर एकच. गव्हाचं पीठ हवेत उडतं, सूप तेच, डबे तेच, झाडू तोच. वेगळी चक्की असणं चांगलंच, पण तेवढ्यावर मी माझ्या मुलीला जेवायला बसवलं नसतं.

– माजी खजिनदार

* * *

सर्वांना विनंती. होमस्टेच्या ताईंना जेवणाबद्दल कोणीही परस्पर फोन करू नये. मागच्या सहलीला तीन जणांनी तीन वेगळे निरोप दिले आणि तिकडे गोंधळ झाला, ते आपल्याला आठवत असेल. पीठ, तांदूळ, मसाला जे काय सांगायचं ते इथे लिहा. समिती एकदाच बोलेल. मामा, चुलतभावांचे आभार, पण दळण तूर्त आणवू नका.

– सहल समिती (जेवण)

* * *

समितीने यादी करायची तर हिंग सगळ्यात वर लिहा. आपल्याकडची डबीतली हिंगपूड शुद्ध हिंग नसते, ती बहुतेक वेळा मैद्यात किंवा डिंकात घोळवलेली असते. आमटी, कुळथाची पिठी, भाजीची फोडणी, सगळीकडे तो मैदा जातो आणि कोणाला गहू दिसत नाही. त्याच्यासाठी फोडणी बिनहिंगाची. सोलकढी नारळाच्या दुधाची असल्यामुळे त्याला चालावी, फक्त वरून हिंगाची फोडणी नको. आणि कोंबडी-वड्यांचं पीठ विचारून घ्या, त्यात तांदूळ, उडीद, धणे, मेथी यांच्याबरोबर पुष्कळ घरी गहूही असतो.

– रत्नागिरीची

* * *

रत्नागिरीची, वड्यात गहू घालणारे घालोत, आमच्या आईने कधी घातला नाही. पण मेथीवरून आठवलं, आंबोळीत मेथी भिजत घातलीच पाहिजे, त्याशिवाय ती मऊ होत नाही. उडीद डाळ जास्त झाली तर चिकट होते.

– कणकवलीचे मामा

* * *

मांडवीची तिकिटं निघाली का? की कोकणकन्येनेच जायचं ठरलं? रात्रीच्या गाडीला आमचे आई-बाबा तयार नाहीत.

– नवीन सभासद

* * *

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार, पण मला अजून रॅपचं ठरवायचंय. मक्याचे घेते, आणि बदामाची दोन पाकिटं फक्त विमानासाठी. गाडीत पँट्रीचं काही देणार नाही, कटलेटला ब्रेडचा चुरा असतो.

गिरणीचं पीठ नकोच. खजिनदारांशी मी सहमत आहे. मामा, रागावू नका. त्याला नकळत गहू गेला तर पुढचे कितीतरी दिवस त्याचं खाणं तुटतं. आणि कोकणात जाऊन तो पाकिटं खातोय हे मलाही बघवणार नाही. दुसरा मार्ग आहे का?

– धाकट्याची आई

* * *

आहे की! पीठ लागतंच कशाला? तांदूळ निवडून, गव्हाचा दाणा नाही ना बघून, तीनदा धुऊन रात्री भिजत घाल. सकाळी मिक्सरला थोडं ओलं खोबरं घालून गुळगुळीत वाट आणि पाण्यासारखं पातळ कर. हे घावन पिठाच्या घावनांपेक्षा मऊ होतात, गिरणीचा संबंधच नाही. गार झाले तरी दुमडतात. किल्ल्यावर जाताना चटणी लावून डब्यात दे.

तवा मात्र ताईंचा रोजचा नको. बिडाच्या तव्यात मागचं पीठ मुरतं, आणि त्याच्यावर चपात्या, तूप सगळं होत असणार. मालवणच्या बाजारात बिडाचे तवे मिळतात. नवीन घेऊन त्याला आठवडाभर आधी तेल चोळून, कांदा परतून तयार करायला लागतं. हे समितीने ताईंना आजच सांगावं. तव्याचे पैसे मी देते, तो धाकट्याचाच राहू दे.

– वेंगुर्ल्याच्या काकू

* * *

ताईंशी बोलणं झालं. तांदूळ भिजवून वाटायला त्या तयार आहेत, त्यांची आई तसेच करायची म्हणाल्या. मिक्सरचं एक भांडं वेगळं ठेवतील. तवा या आठवड्यात घेतील, खोबरेलाने तयार करतील, तूप लावणार नाहीत. त्याची आमटी बिनहिंगाची, आधी काढून ठेवलेली. त्याच्या घावनांच्या वेळी ओट्यावर चपात्या लाटल्या जाणार नाहीत, म्हणून त्याची न्याहारी सगळ्यांच्या आधी, साडेसातला. वहिनी, त्याला तेवढं लवकर उठवा.

काकू, तव्याचा खर्च सहलीच्या हिशोबातच धरतोय. सकाळची मांडवी नक्की झाली आहे. कुडाळला उतरेपर्यंत दुपार उलटेल, तेव्हा मक्याचे टॉर्टिया दोन वेळचे घ्या. गाडीला उशीर होतो.

– सहल समिती (जेवण)