चित्रनगरी आणि पन्हाळ्यात २६ दिवसांचं शूट आहे, इन्शुरन्स नक्की कशाकशाचा काढायचा?

पंचगंगाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, आतापर्यंत जाहिराती आणि शॉर्टफिल्म केल्यात, आता पहिल्यांदाच एका मराठी सिनेमाचं लाइन प्रोडक्शन, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि व्यवस्था, अंगावर घेतलंय. २६ दिवसांचं शेड्यूल आहे, १४ दिवस चित्रनगरीत सेट लावून, बाकी पन्हाळा आणि मसाई पठार, आणि तीन रात्री पंचगंगा घाटावर. सुरुवात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. कॅमेरा आणि लेन्स पुण्याहून भाड्यानं येणार, तो रेंटलवाला म्हणतोय इन्शुरन्सची कॉपी दाखवा नायतर तगडं डिपॉझिट ठेवा. आमचे निर्माते गुळाचे व्यापारी, माणूस सोन्यासारखा पण म्हणतात की एवढे पिक्चर झाले कोल्हापुरात, कुणी विमा काढला हुता? त्यांना समजवायचंय पण मलाच नीट माहीत नाही. हिरो आजारी पडला, पावसानं शूट थांबलं, सेट पडला, कुणाला लागलं, हे सगळं एकाच पॉलिसीत येतं का? ज्यांनी स्वतः काढलाय किंवा क्लेम केलाय त्यांनी सांगा.

चलनवही:
भावा, चांगला प्रश्न विचारलास आणि शूटच्या आधी विचारलास हे लई चांगलं केलंस, बहुतेक लोक कॅमेरा पडल्यावर विचारतात. मी १८ वर्षं प्रॉडक्शन मॅनेजर आहे, आमचं काय झालं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका सिरियलचं आउटडोअर होतं, नदीकाठी, सकाळी दव पडलेलं, ट्रायपॉडचा एक पाय मऊ मातीत रुतला आणि कॅमेरा लेन्ससकट दगडावर गेला. तो आवाज अजून कानात आहे. अटेंडंट पोरगं जागेवरच खाली बसलं, त्याला पाणी पाजायला लागलं. आम्ही निवांत होतो की पॉलिसी आहे. पण पॉलिसी काढताना प्रीमियम वाचवायला म्हणून सामानाची किंमत निम्मीच लिहिलेली. सामान होतं ६० लाखांचं, लिहिलं ३० लाख. नुकसान झालं ८ लाखांचं. आम्हाला वाटलं ३० लाखांच्या आतलंच आहे, पूर्ण मिळेल. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, किंमत काढली आणि म्हणाला निम्म्याचाच विमा आहे तर भरपाईपण निम्मीच, म्हणजे ४ लाख, त्यातून ५० हजार एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपणच सोसायचा भाग, वजा, हातात साडेतीन. बाकीचे साडेचार आम्ही तीन हप्त्यांत रेंटलवाल्याला दिले. कंपनीनं फसवलं असं मी म्हणणार नाही, ते पॉलिसीत लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. त्यामुळं भावा, रेंटलच्या चलनावर जी जी वस्तू आहे, लेन्स, मॉनिटर, फिल्टर, बॅटऱ्यासुद्धा, सिरियल नंबरासकट यादी कर आणि नवी घ्यायला आज काय पडेल ती किंमत लिही.

दुसरं, रेंटलवाल्याची स्वतःची पॉलिसी आहे म्हणून गप्प बसू नको. त्याची कंपनी त्याला पैसे देईल आणि तेच पैसे वसूल करायला तुझ्या निर्मात्यांकडं येईल, कायद्यानं येता येतं तिला. तिसरं, रात्री गाडीत सामान ठेवून हॉटेलवर झोपायला जाऊ नका. राखण नसलेल्या गाडीतून चोरी झाली तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

आणि निर्मात्यांना सांग, कोल्हापुरानं हे भोगलंय. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, परत उभा करायचा सगळा भार त्यांच्याच डोक्यावर आला. लांब कशाला, २०१७ च्या मार्चमध्ये तुम्ही जाताय त्याच मसाई पठारावर रातोरात एका मोठ्या हिंदी सिनेमाचा सेट पेटवला, कपडे जळाले. त्यामुळं सेटच्या पॉलिसीत आग आहे का एवढंच बघू नको, दंगल आणि कुणी मुद्दाम केलेलं नुकसान आहे का तेपण विचार.

विमावाली_राजारामपुरी:
दादांनी निम्मं काम केलंय माझं. मी ब्रोकरच्या ऑफिसात आहे, जाहिरात करत नाही, फक्त प्रश्नाचं उत्तर देते.

फिल्म पॅकेज पॉलिसी असते, एकाच कागदात वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येक भाग तुम्ही निवडायचा असतो, न निवडलेला आपोआप येत नाही. कलाकारांचा भाग, सेट-कपडे-प्रॉपर्टीचा, कॅमेरा-लाइटचा, शूट केलेल्या फुटेजचा, बाहेरच्या माणसाला किंवा त्याच्या मालमत्तेला झालेल्या नुकसानीचा. आपल्याकडं विमा काढलेला पहिला सिनेमा म्हणून १९९९ च्या 'ताल'चं नाव घेतात, म्हणजे ही गोष्ट काही कालची नाही.

हिरो आजारी पडला तर: ज्यांची नावं पॉलिसीत लिहिलीत त्यांच्यासाठीच. आधी मेडिकल होतं, जुना आजार लपवला तर क्लेम गेला. समजा हिरोला डेंग्यू झाला आणि सहा दिवस शूट बंद, तर त्या दिवसांचं जादा लोकेशन भाडं, सामानाचं भाडं, युनिटचं राहणं-जेवण हे मिळतं, पहिला एखादा दिवस सोडून, तो तुमच्या माथी. पण हिरोच्या तारखा दुसरीकडं अडकल्या, पैशावरून भांडण झालं, तो सेटवर आलाच नाही, यातलं काही मिळत नाही. दिग्दर्शकाचं नाव टाकायला विसरू नका, लोक फक्त हिरो-हिरोइनचं टाकतात.

पावसाचं नीट समजून घ्या, इथंच सगळ्यांची गल्लत होते. पावसानं किंवा पुरानं सेट खराब झाला तर ते मालमत्तेचं नुकसान, पुराचं कव्हर असेल तर मिळतं. पण पाऊस पडतोय म्हणून शूट करता आलं नाही आणि दिवस वाया गेला, हे साध्या पॉलिसीत येत नाही, त्याला हवामानाचं वेगळं कव्हर लागतं आणि जुलैतल्या कोल्हापूरला ते कोण स्वस्तात देणार? राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याला पाठ आहे, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय. घाटावरच्या तीन रात्री जुलैत कशाला ठेवल्या मला कळत नाही. दिवाळीनंतर घ्या की, तेवढा बदल कुठल्याही पॉलिसीपेक्षा जास्त वाचवेल.

फुटेजचं: कार्ड खराब झालं, डेटा उडाला तर परत शूट करायचा खर्च मिळू शकतो, पण रोज दोन कॉप्या आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी, अशी अट असते. दोन्ही हार्डडिस्क एकाच बॅगेत आणि बॅग चोरीला, असं झालं तर भांडायला जागा राहत नाही. ड्रोन वापरणार असाल तर २५० ग्रॅमच्या वरच्याला थर्ड पार्टी विमा नियमानंच सक्तीचा आहे. फाइट, घोडे, आग, पाण्यातले सीन आधी लेखी कळवा.

मंगळवारपेठेचा_लाइटमन:
सगळे कॅमेऱ्याचंच बोलताय म्हणून लिहितोय. मी लाइटमन आहे. पावसात केबल ओढायची, जनरेटरला अर्थिंग नीट नाही, १२ फुटांच्या पॅरेललवर, म्हणजे लाइट लावायच्या मचाणावर, रात्री चढायचं, हे आमचं रोजचं. माझा एक जोडीदार, चित्रनगरीत नाही, दुसऱ्या एका लोकेशनला, वरून पडला, पाय मोडला, पाच महिने घरी. पहिल्या दिवशी सगळे दवाखान्यात आले, नंतर फोन उचलायचं बंद झालं. बायकोनं मंगळसूत्र ठेवून ऑपरेशन केलं. त्या शूटला कॅमेऱ्याचा विमा होता, माणसांचा नव्हता.

२०२० ला चेन्नईत एका मोठ्या सिनेमाच्या सेटवर क्रेन पडून तीन माणसं गेली, ती पडद्यामागचीच होती. दादा, तुमच्या युनिटमधल्या स्पॉटदादापासून ज्युनिअर आर्टिस्टपर्यंत सगळ्यांचा ग्रुप अपघात विमा काढा, आणि रोज बदलणारी माणसं असतात त्यांची नावं त्या त्या दिवशी हजेरीवर आली पाहिजेत असं बघा. हात जोडून सांगतो.

विमावाली_राजारामपुरी:
दादांचं खरं आहे, मी ते आधी लिहायला पाहिजे होतं. अपघात विम्यासोबत कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी लागते, कामगार भरपाईच्या कायद्याखाली मालकावर जी जबाबदारी येते ती त्यातून भागते. नावं नसली तरी माणसांची संख्या, कामाचा प्रकार आणि मजुरी खरी लिहा. ५० माणसं असताना २० दाखवू नका.

पंचगंगाकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं काल निर्मात्यांना वाचून दाखवलं. लाइटमन दादांचं ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले आधी माणसांचा काढ, मग कॅमेऱ्याचा. घाटावरच्या रात्री नोव्हेंबरला ढकलल्या. आता एकच, प्रीमियम शूट सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दिला तर चालेल का? फायनान्सचा हप्ता तेव्हा येतोय.

विमावाली_राजारामपुरी:
नाही चालणार. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी आहे, प्रीमियम कंपनीच्या हातात पडल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. त्यावर १८ टक्के जीएसटीपण धरा. आणि मुहूर्ताच्या दिवसापासून नको, पुण्याहून सामानाची गाडी निघेल त्या दिवसापासून तारीख घ्या, प्रवासातलं नुकसान त्यात लिहून. शेवटची तारीख पॅकअपची नाही, सामान परत पोचल्याची.