खानापूरची सागवानी माडी: चवथीआधी पॉलिश मारू का?

माडीवाला_टिळकवाडी:
नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. खाली सोपा नि माजघर, वर आजोबांच्या वेळची माडी. फळ्या सागवानी, तुळया मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या. आई बेळगावला आल्यापासून घर बंदच. मार्चमध्ये एका कुटुंबाला राखणीला ठेवलं. माणसं चांगली, पण स्वच्छतेचा जोर दांडगा. रोज बादलीभर फिनेलच्या पाण्यात पोतेरं बुडवायचं नि माडीभर फिरवायचं. परवा गेलो तर जिन्याजवळच्या फळ्या मधे खोलगट नि कडा वर. अनवाणी चाललं की तळव्याला टोचतात. खिळ्यांभोवती काळं. एका कोपऱ्यात पिठासारखा भुसा. चवथीला सगळी भावकी येणार. पॉलिशवाला म्हणतोय, मशीन फिरवून दोन दिवसांत आरसा करून देतो. देऊ का काम?

शहापूरचा_रंधा:
नको! ऐन पावसाळ्यात लाकडाला मशीन लावायचं नसतं. फटींतून पाणी खाली उतरलं, फळीची खालची बाजू फुगली, म्हणून कडा उचलल्यात. आत्ता त्या कडा घासून सपाट केल्या तर जानेवारीत फळी वाळून बसेल आणि मधे उंचवटा राहील. मग परत घासा. जुन्या फळीत घासायला लाकूड उरतंय किती? दिवाळी जाऊ दे, थंडी पडू दे. निम्म्याहून जास्त फळ्या आपोआप बसतील बघा. आणि उन्हाळ्यात फटी दिसल्या म्हणून गच्च लांबी (पुट्टी) भरू नका. जुलैत फळ्या फुगल्या की ती लांबी बाहेर ढकलतात, नाहीतर एकमेकींना रेटून वर येतात.

काळं झालंय ते खिळ्याच्या लोखंडामुळं. पाणी, लोखंड आणि लाकडातला तुरटपणा एकत्र आला की काळं होणारच. फळ्या वाळल्यावर ऑक्झॅलिक ॲसिडनं जातं, पण विषारी आहे. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, नंतर ओल्या फडक्यानं दोनदा पुसून काढा.

भुसा झाडून तिथं काळा कागद घाला. आठ दिवसांनी कागदावर नवं पीठ दिसलं तर भुंगा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा जात नाही, फळीच्या कडेचं पांढरं लाकूड मात्र त्याला गोड लागतं.

निपाणीकर_७२:
एवढं कशाला? आमच्याकडं अळशीचं तेल चोळायचे, लाकूड कसं तुकतुकीत!

शहापूरचा_रंधा:
तेल वाईट नाही हो. पण कच्चं तेल दिवसेंदिवस चिकट राहतं, त्यावर धूळ बसते. दुकानात उकळलेलं (बॉइल्ड) म्हणून मिळतं ते घ्या, पातळ लावा, वरचं पुसून काढा. आणि तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका! आमच्या वर्कशॉपात एकदा तसा ढीग राहिला. रात्री शेजाऱ्यानं धूर बघून दार वाजवलं. ना काडी, ना ठिणगी. ते तेल वाळताना स्वतःच तापतं. फडकं उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

कॅम्पातली_मावशी:
आम्ही कॅम्पात जुन्या बंगल्यात बरीच वर्षं भाड्यानं राहिलो, खोल्यांत फळ्यांचीच जमीन. माझा नियम एकच: फडकं असं पिळायचं की हाताला गारवा लागेल, थेंब पडणार नाही. पुसलेलं मिनिटभरात वाळलं पाहिजे. त्याआधी मऊ झाडूनं नीट झाडायचं, कारण आपल्या तांबड्या मातीची कच पायाखाली आली की पॉलिश पेपरच फिरतोय समजा. जिन्याच्या तळाशी पायपुसणं टाका. खुर्च्या-पलंगाच्या पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवा. प्लॅस्टिकची चटई मात्र अंथरू नका, खाली ओल कोंडते.

आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मण्यासारखा उभा राहिला तर पॉलिश आहे. मुरून डाग पडला तर लाकूड उघडं पडलंय. मग अडगळीतल्या कोपऱ्यात स्पिरिटचं फडकं घासा. चिकट झालं तर जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. त्याच्यावर पाणी नि गरम भांडं दोन्ही वर्ज्य, पांढरे डाग पडतात.

माडीवाला_टिळकवाडी:
रविवारी जाऊन आलो. भिंतीकडेला थेंब मण्यासारखा उभा, जिन्याजवळ बघता बघता मुरला. स्पिरिटनं फडकं चिकटलं, म्हणजे चपडाच. काळ्या कागदावर आठ दिवसांत कणभरही पीठ नाही, तो भुसा जुना असावा. पॉलिशवाल्याला फोन करून ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं. तो जरा फुगला, फळीसारखाच. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझी आजी माडीवर पाण्याचा तांब्यासुद्धा ताटलीत ठेवायची." एवढं आधी का नाही सांगितलं कुणास ठाऊक! भावकीची झोपायची सोय खाली सोप्यात केलीय, आणि बादली मी स्वतः परसात नेऊन ठेवलीय.