आपली माणसं : दादाचा क्रॉसबो आणि काकांची दुर्बीण

वहिनी: नमस्कार मंडळी. राहवत नाही म्हणून लिहितेय. ह्यांचा शिकारीचा क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरायचं धनुष्य, ठरला म्हणे, आता चार रात्री नुसता स्कोप, म्हणजे नेम धरायची काच, आणि रंग चाललाय. काल रात्री दोनला मला विचारलं, "काळा घेऊ की पानाफांद्यांचा?" कोणीतरी एकदाचं सांगून टाका.

दादा: उठवलं नव्हतं. तू जागीच होतीस.

वहिनी: तुमच्या मोबाइलच्या उजेडाने.

छोटी: मी उशी पाठीशी घेऊन बसलेय. चालू द्या.

दादा: विषय निघालाच आहे तर विचारतो. भाऊजी, तुम्ही तीन हंगाम शिकारीला गेलात. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. साधा रेड डॉट, म्हणजे काचेत नुसता लाल ठिपका, किंवा 4 बाय 32 चा स्कोप, म्हणजे 4 पट मोठं दाखवणारा, 32 मिलिमीटर काचेचा, ज्यात नेमाच्या फुलीखाली आणखी रेघा असतात. नाहीतर दीड ते पाच पट झूमवाला, कड्यावर बाणाच्या वेगाचे आकडे असलेला. शिवाय मोठे काका आपली जुनी रायफलची काच बसव म्हणतात.

मोठे काका: म्हणतात काय, देतो म्हटलंय. 3 ते 9 पट. पण आधी माझी दुर्बीण परत करायची. तिला सहा वर्षं झाली.

दादा: काका, दुर्बीण मी नेलेली नाही.

ताई: आधी रेंजफाइंडर. अंतर मोजायला.

भाऊजी: काका, तुमची काच उत्तमच असणार. पण तिच्यात एकच फुली. रायफलची गोळी शंभर यार्डांपर्यंत जवळपास सरळ जाते, बाणाचं तसं नाही. सेकंदाला 350 फूट वेगाचा बाण 20 यार्डांवर बरोबर जुळवला, तरी 30 वर तीनेक इंच आणि 40 वर जवळजवळ वीतभर खाली लागतो. रेघा त्यासाठीच असतात. वरची 20 ची, मग 30, 40, 50.

मोठे काका: वीतभर वर धरायचं. आम्ही तेच करायचो.

भाऊजी: पहाटे थंडीत, हरीण समोर असताना वीत कशी मोजायची काका?

छोटी: हरणाला सांगायचं, जरा आडवा हो रे.

आत्या: ते बिचारं म्हणेल, घरी जा. अण्णा, याला गलोल तूच करून दिली होतीस. फुटलेल्या काचेचे पैसे बाबांनी भरले.

मोठे काका: गलोलीचा इथे काय संबंध?

आत्या: तूच बघ.

ताई: आधी रेंजफाइंडर.

दादा: ताई, एकदा कळलं ना.

ताई: कळलं असतं तर स्कोपवर चार रात्री गेल्या नसत्या. समोरचं 30 वर आहे की 45 वर हे ठाऊक नसेल तर चार रेघा घेऊन काय करणार? मागच्या हंगामात ह्यांनी 30 समजून 45 वर बाण सोडला. पोटाखालून गेला.

भाऊजी: हे ग्रुपवर सांगायची गरज होती का?

ताई: होती. जखमी होऊन पळालं असतं तर दिवसभर माग काढत फिरला असतात.

आत्या: या घरात एक तरी शहाणी आहे.

दादा: बरं, रेंजफाइंडर घेतो. आता झूमचं सांगा. जास्त पट म्हणजे जास्त चांगलं ना?

भाऊजी: उलट. पुढच्या काचेचा आकार पटीने भागा. 32 भागिले 4, म्हणजे डोळ्याला 8 मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ मिळतं. तीच काच 8 पट केली की वर्तुळ 4 वर येतं. दिवेलागणीला डोळ्याची बाहुली त्याहून मोठी झालेली असते, म्हणून चित्र काळवंडतं. आणि हरीण निघतं नेमकं त्याच वेळी. त्यात 20 यार्डांवर 9 पट लावलीत तर नुसते केस दिसतील, खांदा कुठला नि पोट कुठलं कळणार नाही.

मोठे काका: 3 वर ठेवून बघता येतं.

भाऊजी: येतं काका. फुली मात्र एकच राहते.

वहिनी: आणि ते लाल ठिपक्याचं? स्वस्तात होईल म्हणत होते.

भाऊजी: दादा, तुमच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे ना?

वहिनी: आहे. दोन्ही डोळ्यांना.

भाऊजी: मग ठिपका गोल दिसणार नाही, फटाक्यासारखा फुटलेला दिसेल. उजेड कमी केला की थोडा आवरतो. घेण्याआधी स्वतःच्या डोळ्याने बघा. शिवाय बॅटरी गेली की ठिपकाही गेला. स्कोपच्या कोरलेल्या रेघा दिवा बंद पडला तरी दिसतात.

छोटी: दादाचा पत्ता कट.

दादा: आकड्यांचं कडं?

भाऊजी: कामाचं आहे, पण खोक्यावरचा वेग त्यावर लावू नका. तो हलक्या बाणाने मोजलेला असतो, शिकारीचा बाण जड, म्हणून हळू. आधी 20 यार्डांवर वरची फुली जुळवा. मग 40 ला जाऊन 40 च्या रेघेने मारा. खाली लागला तर कडं कमी वेगाकडे फिरवा, वर लागला तर जास्तीकडे. 20 वर इंचभर सरकवायला स्कोपच्या खुंटीचे वीसेक क्लिक लागतात, दोन क्लिक फिरवून "काही हलतच नाही" म्हणू नका. आणि स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू दर दहा बाणांनी तपासा, हादऱ्याने सैल होतात.

मोठे काका: माहितीसाठी. 1139 साली रोमच्या लॅटरन परिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध क्रॉसबो वापरायला मनाई केली. पुढे 1199 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रॉसबोच्याच बाणाने गेला.

छोटी: काका, मारणाऱ्याकडे तुमची दुर्बीण होती का?

मोठे काका: मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नाही.

वहिनी: रंग राहिला. रात्री पुन्हा तोच प्रश्न येईल.

भाऊजी: हरणाला लाल नि नारिंगी नीट दिसत नाहीत, निळं चांगलं दिसतं. त्याला नक्षीशी देणंघेणं नाही. चकाकी आणि हालचाल मात्र लगेच टिपतं. म्हणून मॅट काहीही चालेल. पानाफांद्यांची नक्षी बहुतेक वेळा पाण्यावर तरंगवलेल्या फिल्मची असते, रोज हात लागतो तिथे झिजते. डासांच्या क्रीममध्ये डीट नावाचं रसायन असेल तर ते प्लास्टिक आणि रंग दोन्ही खातं. माझ्या क्रॉसबोच्या दस्त्याला अंगठ्याचा ठसा उमटलाय, जाता जात नाही.

ताई: आणि पाचोळ्यात ठेवलेला क्रॉसबो पाऊण तास शोधला, ते?

भाऊजी: वीस मिनिटं.

वहिनी: मग काळा मॅट. झालं.

भाऊजी: चालेल. कपडे मात्र उजळपणा आणणाऱ्या पावडरीत धुऊ नका वहिनी, ते त्याच्या डोळ्याला निळसर चमकतात. आणि दादा, पुढचा हात कायम रेलच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीच्या, खाली. अंगठा वर आला तर दोरी तो ठेवणार नाही. बाण न लावता कधीही सोडू नका, धनुष्य तुटतं.

वहिनी: अंगठ्याचं आजवर कोणी बोललं नव्हतं.

दादा: बोलणारच होतो.

वहिनी: रात्री दोनला?

दादा: ठरलं. 4 बाय 32, मॅट काळा. काका, काच राहू द्या, आभारी आहे. भाऊजी, एकच राहिलं. रेघा लाल उजेडाच्या की हिरव्या?

वहिनी: मी बाहेरच्या खोलीत झोपतेय.

मोठे काका: नको तर नको. दुर्बिणीचं मात्र कोणी बोललं नाही.

आत्या: अण्णा, ती माझ्या माळ्यावर आहे. पक्षी बघायला नेली होती. तू दर वेळी याच्यावर घसरायचास, मग सांगायचं राहूनच गेलं.

दादा: सहा वर्षं?

मोठे काका: ग्रुपवर नको. फोन कर.