शब्दचर्चा : ‘ते पृथ्वीचे वतन भोगतील’

चौकस
बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशूचं वचन आहे : ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ आजीच्या कबरीवरच्या दगडासाठी आम्ही ते निवडलंय. आजी एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथे तिला नावाने कुणी हाक मारल्याचं आईला आठवत नाही, सगळ्यांसाठी ती नुसती ‘आयाबाई’. मामा म्हणतात, ‘वतन’ काढून ‘वारसा’ घाला, वतन म्हटलं की पाटील-देशमुख डोळ्यांपुढे येतात. हिंदीवाल्या मैत्रिणीला तर ते देशभक्तीचं गाणं वाटलं. इथे वतनचा नेमका अर्थ काय? आणि ‘सौम्य’ म्हणजे फक्त गरीब स्वभावाचा का?

पोथीवाला
मूळ शब्द अरबी. तिकडे आणि उर्दू-हिंदीत वतन म्हणजे जन्मभूमी, मायदेश. मराठीत तो महसुलाच्या कागदात शिरला आणि त्याचा अर्थ झाला पिढीजात हुद्दा, त्या हुद्द्याबरोबर आलेली जमीन आणि हक्क. वतनदार, वतनपत्र हे सगळे त्यातलेच. मामांना सांगा, ‘वारस’ही अरबीच आहे, त्यामुळे शुद्धीकरण म्हणून बदलण्यात काही हशील नाही.

लिंबोणी
‘सौम्य’चं आपण पार पाणी केलंय. सौम्य ताप, सौम्य धक्का, आणि पेपरात ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार केला’! या वचनातला ग्रीक शब्द ‘प्राउस’. जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाच्या, प्राचीन ग्रीक भाषांतरात तोच शब्द मोशेला लावलाय, जो मिसरच्या राजाच्या, फारोच्या दरबारात उभा राहून ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणाला. तेव्हा मिळमिळीत माणूस असा अर्थ काही निघत नाही. हातात जोर असून अंगावर न येणारा, असं म्हणता येईल. पण एका शब्दात मराठीत काय, मला सुचत नाही.

नगरी
लिंबोणीताई, आणखी एक पायरी खाली उतरा. हे वचन येशूने नव्याने रचलेलं नाही, ते जुन्या करारातल्या ३७व्या स्तोत्रातून आलंय. तिथे हिब्रू शब्द आहे ‘अनावीम’ : वाकवलेले, दडपलेले लोक. त्या स्तोत्रात दुर्जन फोफावलेत, गरिबांवर धनुष्य ताणून बसलेत, आणि ज्यांची जमीन त्यांच्या हातात नाही त्यांना सांगितलंय की जळफळू नका, जमीन तुमचीच होईल. म्हणजे ‘सौम्य’ हा स्वभाव नंतरचा, आधी ती परिस्थिती आहे. ‘पृथ्वी’साठीचा हिब्रू शब्दही ‘एरेत्स’. त्याचा अर्थ पृथ्वी होतो, देश होतो आणि पायाखालची जमीनही होतो. गालीलात हे ऐकायला बसलेल्यांत कुळं असणार, मजूर असणार. त्यांच्या कानाला भूगोलातली पृथ्वी ऐकू आली नसेल, बांधाच्या आतली ऐकू आली असेल.

म्हणून मला ‘वतन’ पटतं. इस्राएलात जमीन कुळाकुळांना चिठ्ठ्या टाकून वाटली होती आणि ती घराण्यातच राहायची. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाने दुसरा मळा देऊ केला, पैसे देऊ केले, तरी नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. मग राणी ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवला. या गोष्टीत ‘वारसा’ घालून बघा. वारसा आज नाट्यसंगीताचाही असतो, किल्ल्यांचाही असतो. त्याच्यासाठी कुणी कुणाचा जीव घेत नाही.

आता मामांचा मुद्दा. पाटील-देशमुखांची वतनं होती तशी महार वतनंही होती, आणि खरी मेख तिथे आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. पुढे तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये महार आणि मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती. त्यांच्या लेखी वतन म्हणजे वेसकरकी (गावाच्या वेशीची राखण), सरकारी टपाल पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं, आणि मोबदल्यात हाडोळ्याचा, म्हणजे महार वतनाच्या जमिनीचा, तुकडा नि दारोदार मागायचं बलुतं. शिवेचा तंटा पडला की साक्ष मात्र महाराची लागायची, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कुणी पायी तुडवलेली नसे. जमिनीचं ज्ञान सगळं त्याच्याकडे आणि जमीन भलत्याकडे! डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या वेठीविरुद्ध. ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

अशा माणसाने प्रार्थनेला बसून ‘पृथ्वीचे वतन’ ऐकलं तर काय ऐकलं असेल? माझ्या मते दोन्ही : नकोसा शब्द, आणि त्याच शब्दाची उलटी फिरलेली सनद. गावाने चतकोर तुकडा देऊन जन्मभर राबवलं, आणि इथे अख्खी जमीन, वेठ न लावता. भाषांतरकाराच्या मनात एवढं सगळं होतं असा माझा दावा नाही. पण ‘वारसा’ने हे सगळं पुसलं जातं आणि खाली उरतो नुसता गोड सुविचार.

चौकस
काका, मामांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘आमच्या आज्याचं नाव होतं हाडोळ्याच्या उताऱ्यावर, म्हणूनच तो शब्द नको.’ आई म्हणते, म्हणूनच हवा. दोघं अजून भांडतायत. तोवर एक शंका : ‘भोगतील’ का? भोग तर वाईट असतात ना?

लिंबोणी
शिक्षा भोगतात तसं राज्यही भोगतात. ‘उपभोग’ त्यातलाच. जमिनीबाबत तर हाच शब्द रुळलेला आहे, सातबाऱ्यावर बघ, ‘भोगवटादार’. मालकापेक्षा हा शब्द मला खरा वाटतो, जो जमिनीवर प्रत्यक्ष आहे तो.

पोथीवाला
सातबारा निघालाच आहे तर विचारतो. वतन रद्द झाल्यावर परत दिलेल्या महार वतनाच्या जमिनी भोगवटादार वर्ग २ मध्ये लागतात. सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाहीत. मग पृथ्वीचं हे वतन बिनपरवानगी विकता येणाऱ्या वर्ग १ चं की वर्ग २ चं?

नगरी
वर्ग २. जुन्या करारातलं लेवीय २५:२३ बघा : जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर उपरे आहात. फक्त सरकारला नजराण्याची रक्कम भरून वर्ग १ करून घ्यायची सोय तिथे नाही.