ऑडिटच्या आधी नर्सिंग की रजिस्टर? इंदूरच्या सिस्टर लोकांनी सांगा

लेबररूम_नाइट:
इंदूरला एका सरकारी हॉस्पिटलात लेबर रूमला आहे, 11 वर्षं झाली. लक्ष्यचं, म्हणजे लेबर रूम सुधारायच्या सरकारी कार्यक्रमाचं, असेसमेंट येतंय म्हणून पंधरा दिवस नुसती धावपळ, बाळंतपणाच्या सामानाचे सातही ट्रे लेबल लावून ओळीत, भिंतीवर नवे पोस्टर. स्वच्छता हवीच, त्याला ना नाही. पण परवा नाइटला आम्ही दोघी अन् बायका सहा, एकीच्या बाळाचे ठोके मधेच उतरत होते, मी तिच्याजवळून हललेच नाही, डॉक्टरांना दोनदा उठवून आणलं, बाळ रडलं एकदाचं. सकाळी मॅनेजर साहेब काय म्हणावे, बाकीच्यांचे पार्टोग्राफ, म्हणजे कळा अन् ठोके लिहायचे तक्ते, कोरे का? जवळ उभी राहिले त्याचा रकानाच नाही ना कुठे. तुमच्याकडेही असंच का?

रिटायर्ड_मेट्रन:
अगं, आम्ही ड्यूटी बदलताना पेशंटचा चार्ज खाटेपाशी उभं राहून द्यायचो, लघवीची पिशवी हातात धरून. आता म्हणे ग्रुपवर मेसेज टाकतात. अर्थात तेव्हा वॉर्डात झुरळं फिरायची, तेही विसरू नये. तू रिपोर्ट बुकात डॉक्टरांना कितीला बोलावलं ती वेळ लिहीत जा, तेच उद्या तुला वाचवेल.

चेकलिस्टवाला:
मी क्वालिटीत काम करतो, शिव्या द्या हवं तर. 2017 मध्ये लक्ष्य आलं ते बाळंतपणात आई अन् बाळ दगावू नये म्हणून, आणि दर अर्ध्या तासाला ठोके लिहिणं ही काही कारकुनी नाही हो, बाळ गुदमरतंय हे त्यातूनच वेळेत कळतं. पण खरं सांगतो, बाळंतपण उरकल्यावर बसून भरलेला पार्टोग्राफ मी लांबून ओळखतो, एकच पेन, एकसारखे ठिपके. तरी मार्क देतो. 70 टक्क्यांच्या वर सिल्व्हर, 80 ला गोल्ड, 90 ला प्लॅटिनम, सगळ्यांना बॅज पाहिजे. ताई, त्याच चेकलिस्टमध्ये पुरेसा स्टाफ आहे का हाही मुद्दा आहे. तिथे गोड गोड भरू नका, खरा आकडा टाका.

बडोद्याची_भाची:
आकडा टाकला की नोटीस त्या सिस्टरलाच, मॅनेजरला नाही. हे पण बोला की!

लेबररूम_नाइट:
काल रिपोर्ट बुकात लिहिलं, सिस्टर 2, बायका 7. इनचार्ज म्हणाल्या, हे ठेवायचं नक्की? म्हटलं, ठेवा. बघत राहिल्या, मग सही केली. चला, ड्यूटीची वेळ झाली.