सोहोमधला लॉफ्ट कॉन्डो: कलाकार नसलेल्यांनी घ्यावा का?

एडिसनकर

नमस्कार. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसन गावचे घर विकून मॅनहॅटनमध्ये राहायला जावे, असा आम्हा नवराबायकोचा विचार चालू आहे. सोहोत ग्रीन स्ट्रीटवरच्या एका पाच मजली जुन्या इमारतीतला तिसरा मजला, म्हणजे जुन्या औद्योगिक इमारतीतला मोकळा ‘लॉफ्ट’, कॉन्डो (स्वतंत्र मालकीचा फ्लॅट) म्हणून विकाऊ आहे. जागा सुमारे १,८०० चौरस फुटांची, छत १३ फुटांवर, मधोमध बिडाचे खांब, आणि लिफ्ट थेट घरातच उघडते. मागणी ३० लाख डॉलरची आहे. जागा मनात भरली आहे, परंतु जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ए.आय.आर. लागू’ असे लिहिले आहे. ब्रोकर म्हणतो की सोहोत सगळे असेच राहतात, एका ‘सोहो लेटर’वर सही करायची, पुढे कोणी विचारत नाही. आमच्यापैकी कोणीही कलाकार नाही. हे पत्र म्हणजे नेमके काय, आणि एवढी रक्कम घालण्यापूर्वी काय तपासावे?

हडसनपार

ब्रोकरचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धेच आहे. सोहोच्या या इमारती मुळात एकोणिसाव्या शतकातील कारखाने, गोदामे आणि दुकाने. उद्योग निघून गेल्यावर रिकाम्या मजल्यांवर चित्रकार, शिल्पकार बेकायदा राहू लागले, आणि १९७१ मध्ये शहराने नियम बदलून फक्त प्रमाणित कलाकारांना तिथे राहण्याची व काम करण्याची मुभा दिली. जाहिरातीतले ‘ए.आय.आर.’ (आर्टिस्ट इन रेसिडेन्स) ते हेच. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रात तुमचा मजला ‘निवासी’ नसून कलाकारांचे निवास-नि-कामाचे ठिकाण म्हणून नोंदलेला असणार, आणि घरातील निदान एका व्यक्तीकडे शहराच्या सांस्कृतिक विभागाचे कलाकार-प्रमाणपत्र असणे अपेक्षित आहे. हौसेखातर जलरंग करणाऱ्याला ते मिळत नाही.

‘सोहो लेटर’ म्हणजे हा नियम मला ठाऊक आहे आणि त्यातून उद्भवणाऱ्या परिणामांची झळ मी इमारतीच्या बोर्डाला (व्यवस्थापन समितीला) लागू देणार नाही, अशी तुम्ही दिलेली लेखी हमी. ती संरक्षण बोर्डाला देते, तुम्हाला नाही. अंमलबजावणी वर्षानुवर्षे ढिली राहिली हे खरे. तरीही कर्ज देणारी बँक ऐन वेळी हात आखडता घेऊ शकते, नूतनीकरणाचा परवाना काढताना प्रश्न निघू शकतो, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा ग्राहकही हेच प्रश्न विचारील.

डिसेंबर २०२१ मध्ये सोहो आणि शेजारच्या नोहोचे क्षेत्रनियोजन बदलले. तेव्हापासून अशी जागा रीतसर निवासी करून घेण्याचा मार्ग आहे, परंतु त्यासाठी कला-निधीत चौरस फुटामागे १०० डॉलर भरण्याची अट घातली गेली. तुमच्या जागेला तो आकडा १,८०,००० डॉलर होतो. या शुल्काविरुद्ध तिथले लोक न्यायालयात गेले, त्यामुळे आज ते लागू आहे की नाही हे तुमच्या वकिलाने ताज्या निकालावरून सांगावे. ब्रोकरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत शहराच्या इमारत विभागाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते, आणि ती आजच काढून वाचावी.

बिडाची कमान

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, म्हणून कागदांपेक्षा भिंतींविषयी लिहिते. सोहोतले भूखंड बहुधा २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल असतात. उजेड पुढच्या आणि मागच्या टोकालाच येतो, मधल्या पट्ट्यात भरदुपारी दिवा लावावा लागतो. जाहिरातीतल्या आराखड्यावर ‘दुसरी बेडरूम’ कुठे दाखवली आहे ते पाहा. तिची खिडकी बाजूच्या भिंतीत, म्हणजे शेजारच्या भूखंडाच्या हद्दीवर असेल, तर शेजाऱ्याने बांधकाम वर चढवल्यावर ती बंद होऊ शकते, आणि कायदेशीर उजेड-वाऱ्याच्या हिशेबात तशी खिडकी धरलीच जात नाही.

हा परिसर १९७३ पासून संरक्षित ऐतिहासिक क्षेत्र आहे. दर्शनी खिडकी बदलायची तर लँडमार्क्स आयोगाची परवानगी लागते. आधीच्या मालकाने परवानगीविना बदललेल्या खिडक्यांची डोकेदुखी नव्या मालकाकडे येते, तेव्हा त्यांचे परवाने मागून घ्या. बिडाचा दर्शनी भाग दगडासारखा दिसत असला तरी तो तुकड्यातुकड्यांनी बोल्ट लावून जोडलेला असतो. सांध्यांत पाणी शिरले की आतून गंज धरतो आणि वरचा रंग मात्र छान दिसत राहतो. सहा मजल्यांहून उंच इमारतींना दर ५ वर्षांनी दर्शनी भागाची तपासणी सक्तीची आहे. तुमची इमारत पाच मजली असल्याने त्या सक्तीतून सुटते, म्हणजे शेवटची तपासणी कोणी आणि केव्हा केली, हे विचारावेच लागेल.

दारासमोरच्या फुटपाथवर लोखंडी चौकटीत बसवलेल्या गोल जाड काचा आहेत का? त्यातल्या काही उन्हाने जांभळट झालेल्या दिसतील. त्यांच्याखाली इमारतीचे तळघर रस्त्यापर्यंत पसरलेले असते आणि त्याच्या गळतीची दुरुस्ती इमारतीच्याच खिशातून होते. पाच युनिटांमध्ये असा खर्च वाटला गेला की आकडे पटकन मोठे होतात. मागच्या काही वर्षांच्या बोर्ड-बैठकांची इतिवृत्ते वाचल्याशिवाय सही करू नये.

क्लोजिंगवाला

कराविषयी थोडेसे. न्यूयॉर्कचा ‘मॅन्शन टॅक्स’, म्हणजे महागड्या घरांच्या खरेदीवरचा कर, खरेदीदार भरतो आणि तो टप्प्याटप्प्याने नव्हे, तर पूर्ण किमतीवर लागतो. २० लाखांपासून ३० लाखांच्या आतपर्यंत दर १.२५ टक्के आहे, आणि किंमत बरोबर ३० लाख झाली की १.५ टक्के होतो. म्हणजे पूर्ण ३० लाखांना ४५,००० डॉलर, आणि एक डॉलर कमी असेल तर ३७,५००. मागणी ३० लाखांचीच असताना तेवढ्यावर सौदा करण्यात काहीच अर्थ नाही. कर्ज घेणार असाल तर कॉन्डोवर मॉर्गेज नोंदणीचा करही बसतो. ५ लाखांपासून पुढच्या कर्जावर खरेदीदाराचा वाटा १.९२५ टक्के असतो. को-ऑपमध्ये घराऐवजी इमारतीच्या मालक संस्थेचे शेअर घेतले जातात, म्हणून तिथे हा कर नाही.

एडिसनकर

सर्वांचे आभार. भोगवटा प्रमाणपत्र काढले. दुसऱ्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत कलाकारांचीच नोंद आहे, आणि दुसऱ्या बेडरूमची खिडकी बाजूच्याच भिंतीत आहे. किंमत दोन लाखांनी खाली आणली, तर व्यवहार शहाणपणाचा ठरेल का?

हडसनपार

केवळ सवलतीने नाही. एका मजल्याचा वापर बदलायचा तरी इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रात दुरुस्ती करावी लागते, आणि ती बोर्डाच्या सहकार्याशिवाय होत नाही. पैसे हाती असून तुम्ही एकटे ते करू शकणार नाही. रूपांतर करण्याचा ठराव बोर्डाने केला आहे का, एवढाच प्रश्न वकिलामार्फत लेखी विचारा. ठराव असेल, तर शुल्क आणि वास्तुरचनाकाराचा खर्च किमतीतून वजा करून बोली लावा, आणि ती जागा एकाच बेडरूमची आहे असे धरूनच लावा. ठराव नसेल, तर मी ही जागा सोडून कॅनाल स्ट्रीट ओलांडून ट्रायबेकात शोध घेईन. तिथल्या अनेक जुन्या गोदामांतले लॉफ्ट रीतसर निवासी आहेत, आणि बिडाचे खांब तिथेही मिळतात.